कॅमेऱ्याची किंमत आणि कॅमेऱ्याची योग्यता

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एका कॅमेऱ्याचे स्मारक आहे. राजांचे आणि पुढाऱ्यांचे पुतळे आपल्या गावोगावी दिसतात, पण एखाद्या यंत्राला चौकात मान देणारे शहर विरळाच. ज्या कॅमेऱ्याला हा मान मिळाला, त्याच्यावर लंडनच्या किंवा ड्रेस्डेनच्या कोणत्याही कारखान्याचा शिक्का नव्हता. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आल्यानंतर चलच्चित्राच्या मागे लागले. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला, त्याची रचना समजून घेतली आणि त्या ज्ञानावर कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात घडलेला कॅमेरा तयार झाला. १९२० मध्ये बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. दुर्लक्षित फिल्म कॅमेरे आणि त्यांची भिंगे या विषयाची प्रस्तावना करताना सुरुवात या कॅमेऱ्यापासूनच करायला हवी, कारण मला जे म्हणायचे आहे त्याचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. कॅमेऱ्याची योग्यता त्याच्या नावावरून किंवा बाजारभावावरून ठरत नाही. त्याने कोणत्या परिस्थितीत कोणते काम करून दाखवले यावरून ठरते.

त्या कामाचा अवघडपणा नीट समजून घेतला पाहिजे. साध्या कॅमेऱ्यात फिल्म स्थिर असते. शटर एकदा उघडून मिटले की काम झाले. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकते, थांबते, तिच्यावर प्रकाश पडतो आणि ती पुन्हा सरकते. मूकपटांच्या काळात हे सगळे सेकंदाला साधारण सोळा वेळा होत असे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, असा हिशेब कॅमेरामनच्या मनगटात बसलेला असे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला असलेल्या दोन भोकांमधले अंतर ४.७५ मिलिमीटर आणि एका चित्रामागे चार भोके. म्हणजे आतल्या नखीने प्रत्येक खेपेला फिल्म एकोणीस मिलिमीटर ओढायची आणि अगदी त्याच जागी सोडायची. ती केसभर पुढेमागे झाली तर पडद्यावरचे चित्र थरथरते, कारण पडद्यावर प्रत्येक चूक शेकडो पटींनी मोठी होते. फिल्म हलत असताना शटरची तबकडी भिंगासमोर आलेली असावी लागते; तो मेळ चुकला तर प्रत्येक उजळ वस्तूला शेपूट फुटते. नखी, दंतचक्रे, तबकडी आणि हँडल यांचा हा मेळ कोणतेही तयार नकाशे हाताशी नसताना जमवणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे लेथवर काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा बनवला तो गरजेपोटी. उत्तम परदेशी कॅमेरा सहज मिळाला असता तर त्यांनी तोच घेतला असता. शिवाय ‘सैरंध्री’ आज उपलब्ध नाही, ‘सावकारी पाश’चा १९२५ चा मूकपटही नाही, मग त्या कॅमेऱ्याच्या चित्राची प्रत कशी ठरवायची? पहिली गोष्ट मान्य. गरज होतीच. पण गरज हजारोंना असते आणि यंत्र एखाद्याच्याच हातून तयार होते. परदेशी कॅमेऱ्यापेक्षा तो सरस होता असा माझा दावाही नाही. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर परिणामात आहे. या कामातून जी माणसे तयार झाली त्यांच्याकडे पाहा. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच त्यांनी आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे प्रभात पुण्याला गेली, बोलपटासाठी बाहेरची यंत्रसामग्री आणावी लागली, हे खरे. पण ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला तेव्हा त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, म्हणजे दामले, तोच माणूस होता ज्याने कोल्हापुरात कॅमेऱ्याच्या घडणीत हात काळे केले होते. यंत्र आतून ओळखणाऱ्याची नजर वेगळी तयार होते, याला याहून मोठा दाखला मराठी मुलखात तरी मला ठाऊक नाही.

आता दुकानातून घेतलेल्या, घराघरांत वापरल्या गेलेल्या कॅमेऱ्यांकडे येऊ. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात लायका, रोलायफ्लेक्स, हॅसलब्लाड ही नावे घेतली की भाव चढतो. यशिका, झेनिट, फेड, प्राक्टिका यांना शौकीन माणूसही कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. हा भेदभाव भिंगाच्या रचनेवर आधारलेला आहे काय? फारसा नाही. १८९३ मध्ये इंग्लंडात डेनिस टेलरने तीन काचांचे कुक ट्रिप्लेट भिंग काढले. १९०२ मध्ये त्साइसच्या पाउल रुडोल्फने टेसार काढले: चार काचा, तीन गट, मागच्या दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. ही रचना इतकी किफायतशीर निघाली की पेटंटची मुदत संपल्यावर जगभरच्या कारखान्यांनी ती उचलली. सोव्हिएत इंडस्टार ही टेसारचीच रचना. यशिका मॅट १२४-जी या जोडभिंगी कॅमेऱ्यावरचे ८० मिलिमीटर, एफ ३.५ चे यशिनॉन हेही त्याच घराण्यातले. आणि ज्या रोलायफ्लेक्सच्या काही मॉडेलांसाठी लोक कित्येक पट पैसे मोजतात, त्यांच्यावर प्रत्यक्ष टेसार बसवलेले आहे. छिद्र एफ ८ किंवा एफ ११ ला ठेवून, तिपाईवर लावून, कोल्हापुरी फेट्यातल्या माणसाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढला, तर फेट्याच्या सुताचा पीळ दोन्हींत मोजता येईल. रोलायफ्लेक्सची घडण, तिच्या हँडलचा मऊपणा, तिची टिकाऊ धाटणी श्रेष्ठ आहे, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्या सुखाची किंमत वेगळी आणि चित्राची वेगळी. बाजारात दोन्ही एकच समजून वसूल केल्या जातात.

सोव्हिएत भिंगांची कथा तर या मुद्द्याला आणखी बळ देते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांतली यंत्रसामग्री, नकाशे आणि काचही सोव्हिएत संघात गेली. कीव्हचे रेंजफाइंडर कॅमेरे काँटॅक्सवरूनच आले. लुडविग बेर्टेलेच्या सॉनारवरून जुपिटर-८ आले आणि त्साइसच्या बायोटारवरून ५८ मिलिमीटर, एफ २ चे हेलिऑस-४४ आले. झेनिटबरोबर अमाप संख्येने विकले गेलेले हे हेलिऑस वर्षानुवर्षे अडगळीत पडले होते. पूर्ण उघड्या छिद्राला ते पार्श्वभूमीतल्या पानांचे ठिपके मधल्या विषयाभोवती गोल फिरल्यासारखे दाखवते. काटेकोर हिशेबाने हा भिंगाचा दोषच. पण व्यक्तिचित्रात चेहऱ्याभोवती असा गरगरता प्रकाश आला की नजर आपोआप चेहऱ्यावर ठरते, आणि आज पडद्यावर आणि छायाचित्रांत काम करणारे लोक ते भिंग मुद्दाम शोधून वापरतात. या भिंगांबद्दलचा नेहमीचा आक्षेप असा की कारखान्यांत गुणवत्तेवर पकड नव्हती, एक नग चांगला तर दुसरा सुमार. आक्षेप खरा आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष ‘घेऊ नका’ असा नसून ‘नग तपासून घ्या’ असा आहे. भिंगातून बॅटरीचा प्रकाश आरपार टाकून पाहावा. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का, फोकसची कडी अडखळते का, काचांच्या कडेला जोडाचा चिकटा सुटून चंदेरी डाग दिसतो का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. कंपनीचे नाव वाचून हे काहीच कळत नाही.

आपल्या घरांतला सगळ्यांत उपेक्षित कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तो तयार होत असे. एकेकाळी मध्यमवर्गीय घरातला पहिला कॅमेरा बहुधा हाच असायचा. मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन, रंकाळ्यावरची संध्याकाळ यांचे असंख्य फोटो त्याने काढले. जाणकार त्याला खेळणे म्हणतात: भिंग साधे, शटरचा वेग ठरलेला, फोकस करायची सोय नाही. हे सगळे खरे असूनही एक गोष्ट नजरेआड होते. तो १२० च्या रोलवर बारा चौकोनी निगेटिव्ह देतो आणि त्या प्रत्येकीची बाजू जवळपास ५६ मिलिमीटरची. म्हणजे क्षेत्रफळ ३,१३६ चौरस मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ २४ गुणिले ३६, म्हणजे ८६४. साडेतीन पटींहून जास्त फरक. पंचवीस सेंटिमीटरचा चौकोनी फोटो करायचा तर क्लिक थ्रीची निगेटिव्ह साडेचार पट मोठी करावी लागते आणि ३५ मिलिमीटरची दहा पटींहून अधिक. साध्या भिंगाचा उणेपणा मोठ्या निगेटिव्हने बराचसा भरून निघतो. भर उन्हात, चार-पाच मीटरवर उभ्या असलेल्या माणसांचे फोटो काढायला हा कॅमेरा बनवला होता आणि तेवढे काम तो चोख करतो. जुन्या अल्बममधला त्याचा फोटो भिंग लावून पाहावा. मधल्या भागात नऊवारीच्या काठाची वीण अनेकदा दिसते, कडेला मात्र सगळे विरघळत जाते. संध्याकाळच्या सावलीत किंवा घरात त्याच्याकडून अपेक्षा करणे हा वापरणाऱ्याचा अविचार.

म्हणून प्रत्येक जुन्या कॅमेऱ्याला डोक्यावर घ्यावे असे मी म्हणणार नाही. उत्साहाला कसोटी लागतेच. ११० फिल्मवर चालणारे चपटे, खिशात मावणारे कॅमेरे हौसेने पाहावेत, पण त्यांची निगेटिव्ह जेमतेम १३ बाय १७ मिलिमीटरची. तिच्यातून मोठा फोटो काढणे म्हणजे दाणेदार धूसरपणा विकत घेणे. ते मागे पडले यात अन्याय झाला नाही. झेनिट-ईचे शटर १/३० ते १/५०० सेकंद एवढ्याच टप्प्यात चालते, त्यामुळे देवळाच्या गाभाऱ्यातल्या अंधारात तो लंगडा पडतो. त्याच्या भिंगाची स्तुती करताना हेही सांगितले पाहिजे. उलट १९६६ मध्ये आलेल्या यशिका इलेक्ट्रो ३५ वरचे ४५ मिलिमीटर, एफ १.७ चे भिंग इतके गुणी आहे की त्याचा भाव पाहून नवल वाटते. तो कॅमेरा लोकांनी टाकला याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: आतल्या यंत्रणेतला रबराचा एक लहानसा तुकडा वर्षांनी कुजतो आणि प्रकाशमापनाची साखळी तुटते. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरीही बंद झाली. तो तुकडा बदलला आणि जोडखोबणी लावून ६ व्होल्टची बॅटरी बसवली की कॅमेरा पुन्हा उभा राहतो. कवडीमोलाच्या रबराच्या तुकड्यापायी अशी भिंगे भंगारात जावीत, याचे मनापासून वाईट वाटते.

आता मोठा आक्षेप. हातातल्या फोनने रात्रीही स्वच्छ फोटो निघत असताना फिल्मचा हा खटाटोप म्हणजे निव्वळ गतकाळाचा लळा नाही का? रोल महाग, धुऊन देणारे कमी, छत्तीस फोटोंची मर्यादा, आणि उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलचा जमाना तर केव्हाच संपला. लळा असतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही. कमी प्रकाशात, वेगात आणि सोयीत डिजिटल कॅमेरा पुढे आहे, हे वादातीत आहे. बातमीदाराने कुस्तीच्या मैदानात फिल्म घेऊन जावे असे कोणी म्हणणार नाही. पण छायाचित्र काढणे शिकायचे असेल तर ज्या यंत्रात छिद्र, वेग आणि अंतर या तीन गोष्टी बोटांनी ठरवाव्या लागतात आणि चुकीचा दाम मोजावा लागतो, त्या यंत्रासारखा शिक्षक नाही. फोनमध्ये हे निर्णय कोणी तरी आधीच घेतलेले असतात. चांगले घेतलेले असतात, पण आपण घेतलेले नसतात. कलापूर म्हणवणाऱ्या शहरात, जिथे चित्रकलेची इतकी जुनी परंपरा आहे, तिथे रंग स्वतः कालवण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये.

शिवाय भिंगे फिल्मपुरती अडकलेली नाहीत आणि इथे कोल्हापूरला खास संधी आहे. प्राक्टिका, झेनिट, जुने पेंटॅक्स यांची भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आणि एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर बसतात. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर ठरलेले आहे. आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे अंतर बरेच कमी असते. सोनीच्या कॅमेऱ्यात १८ मिलिमीटर. दोहोंतला फरक २७.४६ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचे अचूक कडे मध्ये बसवले की हेलिऑस किंवा एखादे जुने पूर्व जर्मन भिंग आजच्या कॅमेऱ्यावर अनंत अंतरापर्यंत फोकस होते. त्या कड्यात काच नाही, वीज नाही. आहेत ते फक्त आटे, खाचा आणि शतांश मिलिमीटरची अचूकता. पंपाचे, इंजिनाचे, मोटारींचे सुटे भाग घडवणाऱ्या उद्यमनगरला हे काम परके नाही. बाबूरावांच्या कोल्हापुरात असे कडे परगावाहून मागवावे लागावे याचे कारण कौशल्याची उणीव नव्हे. असे काही करता येते हे कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

त्याबरोबर कोल्हापूरच्या हवेचाही विचार करावा लागतो, कारण इथल्या भिंगांचा खरा शत्रू बाजार नसून जूनपासूनचा पाऊस आहे. काचांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात, ती बुरशी. सुरुवातीला ती पुसून निघते. दुर्लक्ष केले तर तिच्या स्रावाने काचेवरचा लेप खाल्ला जातो आणि मग उपाय उरत नाही. गंमत अशी की कॅमेरा जपायचा म्हणून लोक तो चामड्याच्या मूळ पिशवीत बंद करून ठेवतात आणि ते चामडेच ओल धरून ठेवते. पिशवी वेगळी, कॅमेरा वेगळा. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल, ते अधूनमधून तापवून कोरडे करायचे. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून शटर सगळ्या वेगांवर चालवायचे. एवढ्याने अनेक कॅमेरे वाचतील. जे आधीच बिघडले आहेत त्यांच्यासाठी दुरुस्तीचा जाणकार लागतो आणि तिथे परिस्थिती कठीण आहे. शटरचे वाळलेले ग्रीस धुणे, पाती उलगडून पुन्हा लावणे, रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा जुळवणे ही विद्या लिहिलेली नाही. ती वयस्क कारागिरांच्या बोटांत आहे आणि त्यांच्यानंतर ती कोणाकडे जाणार याची कुठेच तजवीज नाही.

एक शेवटची शंका शौकिनांकडूनच येते: दुर्लक्षित कॅमेऱ्यांचा गाजावाजा केला की त्यांचेही भाव चढतील आणि मग ते दुर्लक्षित राहणार नाहीत. असे झालेले आहे. काँटॅक्स टी-२ हा एकेकाळी सेकंडहँड बाजारात शांतपणे मिळणारा कॅमेरा. नामवंतांच्या हातात दिसू लागल्यावर त्याचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. पण भाव चढतो तो नावाचा गाजावाजा झाल्यावर. लोक भिंगाची रचना ओळखायला शिकले तर एका नावामागे झुंबड उडणार नाही, कारण तीच रचना आणखी पाच नावांनी बाजारात पडून असते. म्हणून पुढच्या पानांत कॅमेऱ्यांची क्रमवारी दिलेली नाही. प्रत्येक कॅमेऱ्याबद्दल त्याच्या भिंगात काचा किती आणि त्या कशा मांडल्या आहेत, तो कोणत्या प्रकाशात आणि किती अंतरावर चांगले काम करतो, कुठे हमखास बिघडतो आणि तो बिघाड दुरुस्त होण्यासारखा आहे का, एवढेच सांगितले आहे.

वाचकांना एकच विनंती. माळ्यावर, ट्रंकेत किंवा बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटात जुना कॅमेरा असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी त्यात रोल तर राहिलेला नाही ना, ते पाहा. भिंगावरची अक्षरे आणि क्रमांक लिहून घ्या, शटर चालते का ते तपासा. आणि तुमच्या गावात असे कॅमेरे उघडणारा कारागीर अजून काम करत असेल, तर येत्या पावसाळ्याच्या आत त्याच्याकडे वही घेऊन जा आणि तो काय करतो ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.